फरशीवरचा लाल पट्टा

मलकापुरात मी पाट्या रंगवायचो. माझ्या शाळेतल्या दोस्तानं, तो आता डॉक्टर झाला होता, नांदुऱ्याच्या वाटेवर मातीच्या विटांचा, सौर दिव्यांचा दवाखाना बांधला. "प्लॅस्टिक अजिबात नको. पाट्या तूच कर," तो म्हणाला.

मी आधी त्याच्या जुन्या दवाखान्यात चार दिवस बसून पाहिलं. बीटी कपाशीला फवारणी लागत नाही, असं ऐकलेलं. पण फवारताना विषबाधा झालेली माणसं रोज यायची. डोळ्यांपुढं अंधारी असलेल्याला अक्षरं कुठली दिसणार? म्हणून नव्या दवाखान्यासाठी लाकडी पाट्यांवर चित्रं काढली आणि फाटकापासून तातडीच्या खोलीपर्यंत फरशीवर रुंद लाल पट्टा ओढला. तेव्हा डॉक्टरनं मला मिठी मारली होती.

उद्घाटनाला गेलो, तर भिंतींवर प्लॅस्टिकचे इंग्रजी फलक आणि पट्ट्यावर हिरवा गालिचा.

"काऊन बे?" मी डॉक्टरला विचारलं.

"देणगीदारायले पट्टा भडक वाटला. तू मनाले लावून घेऊ नको."

तेवढ्यात एक बाई लाळ गळणाऱ्या नवऱ्याला सावरत आली. "भाऊ, फवारता फवारता पडला. कुठं नेऊ याले?"

मी त्याला धरून आत पोचवलं. तो वाचला, हे नंतर कळलं. बाहेर आलो तेव्हा माईकवरून पाट्यांच्या कामासाठी सत्काराला माझं नाव पुकारत होते. मी सरळ रस्त्यावर येऊन एसटीला हात केला.