तेहेतिसाव्या खांबावरची पट्टी

अठ्ठाविसाव्या खांबापाशी लान श्वेइगन थांबले, काठीने खांबावर तीनदा टकटक केलं आणि म्हणाले, "हा ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा बरा."

सकाळपासून आम्ही चालत होतो. खालच्या बाजारगावातून आमच्या वूतुंगआवला वीज येते ती एकेचाळीस खांबांवरून. छिंगमिंगला लोक पितरांच्या थडग्यांवर कागद जाळतात. त्याआधी ही सगळी वाट पायी तपासायची असते. वीज कार्यालयाचा एक माणूस, म्हणजे लान, आणि गावचा एक. गावातर्फे अकरा वर्षं मी जाते. एरवी सासरची चहाची भट्टी आणि मी.

"उद्या तुमचं निवृत्तीचं जेवण," मी म्हटलं. "भट्टीवाल्या बाया तुम्हाला पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

"पाजू दे. रडू आलं तर दारूवर ढकलता येईल, वहिनी."

चौतीस वर्षं हा माणूस याच डोंगरात तारांमागे फिरला. पूर्वी वीज गेली की कुठे गेली ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. बुटांत गवत कोंबून निघायचं आणि खांबामागून खांब बघत जायचं. कधी दोन दिवस लागत. मग चार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर, तेहेतिसाव्या खांबावर, ती राखाडी पेटी बसली. पुढे तारेत बिघाड झाला की पेटी तेवढाच तुकडा तोडते, शहरातल्या नियंत्रण-खोलीला कळवते, आणि बिघाड निघाला की तिथे बसलेला माणूस बटण दाबून वीज परत देतो.

"तार बघते म्हणे!" लान तेव्हा म्हणाले होते. "हिला पाय तरी आहेत का?"

पेटी बसवली ती नी शुआंग नावाच्या मुलीने. सव्वीस वर्षांची, बारीक, स्वतः खांबावर चढणारी. लानना ती काका म्हणायची. वर्षभरात काका निवळले. पेटीतली बॅटरी उतरत आली की फोन करायचे, "तुझी लेक खोकतेय गं, ये बघायला."

बारा दिवसांपूर्वी मात्र सगळं बिनसलं. वारा सुटला आणि छत्तिसाव्या खांबापाशी एक बांबू तारांवर कलला. पेटीने वीज तोडली, बरोबरच केलं. बांबू आपोआप घसरून पडला. मी स्वतः जाऊन पाहिलं आणि तार मोकळी असल्याचं फोनवर कळवलं. शहरातून तीनदा बटण दाबलं गेलं. वीज आली नाही. लान चढून येईपर्यंत तीन तास गेले. त्यांनी पेटी उघडली, हाताने वीज जोडली. तोवर चौदा घरांत छिंगमिंगआधीची कोवळी पानं विजेवरच्या कढयांत लाल पडली होती. वर्षातला सगळ्यात चांगला चहा तो. आमचाही गेला. गावाने पेटीला शिव्या घातल्या, आणि कार्यालयाने ठरवलं की बसवणारीच्या हातून चूक राहिली. सोमवारपासून नी शुआंगने कोठारात बसायचं, खांबांवर चढायचं नाही.

घाटमाथ्यावर भूमिदेवाची गुडघ्याएवढी घुमटी आहे. लाननी उदबत्ती खोचली. मी हात जोडले, माझ्या माहेरच्या देवाचंही नाव घेतलं. दगडावर बसून मी डबा उघडला. दवण्यासारख्या रानपाल्याने हिरवे झालेले तांदळाचे उंडे होते, आत बांबूचे कोंब आणि खारवलेली भाजी. लान एरवी पाच खातात. आज एक हातात धरून बसले.

"बायकोने भांडून पाठवलंय का?"

"ती बिचारी मी निघालो तेव्हा झोपलेलीच होती." उंडा त्यांनी पानावर परत ठेवला. "या, एक दाखवतो."

तेहेतिसाव्या खांबावर ते पट्टा बांधून चढले. चौतीस वर्षं झिजलेलं अंग, पण पाय अजून चुकत नाही. पेटीचं दार उघडलं आणि आतली बोटाएवढी धातूची पट्टी त्यांनी वर उलटवली.

"दिसली? ही वर असली की शहराचा हुकूम पेटीपर्यंत येतो आणि इथे मरतो. कितीही बटणं दाबा."

"मग वर कशाला करायची?"

"माझे उस्ताद लेइ खांबावर होते, आणि खालच्याने काम झालं समजून वीज सोडली. तेव्हापासून माझा एकच नेम. वर हात घालण्याआधी दूरचा हात तोडायचा. नी शुआंगलाही तेच शिकवलं." पट्टी त्यांनी खाली बसवली, अंगठ्याने दोनदा दाबली. "आणि उतरण्याआधी जोडायचा. गेल्या महिन्यात बॅटरी बदलायला आलो. पट्टी उलटवली. पावसाचा थेंब पडला म्हणून घाईत दार लावलं."

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी दार उघडलं तर पट्टी वर. मी खाली केली, वीज जोडली, आणि लिहून दिलं, 'पेटीत काही आढळलं नाही.'"

"अहो, आमची पानं गेली!"

"गेली."

"आणि त्या पोरीचं काय? तिला कोठारात बसवताहेत तुमच्यापायी, आणि तुम्ही आमच्या हातचं गोडधोड खाऊन घरी जाणार?"

ते उतरले. पट्टा सोडायला नेहमीपेक्षा वेळ लागला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बारा दिवस रोज सकाळी ठरवतो, आज जाऊन सांगू. कार्यालयाच्या दारापर्यंत जातो. कुणीतरी म्हणतं, या उस्ताद, चहा घ्या. मी चहा घेतो आणि परत येतो."

खालच्या उतारावर कुणीतरी थडग्याभोवतीचं गवत कापत होतं, त्याचा आवाज येत होता.

"उद्या ती येणार आहे," लान म्हणाले. "तिचे साहेबही. पहिला पेला भरायच्या आत मी उठून बोलणार आहे. पण माझा मला भरवसा नाही. वहिनी, तुम्ही माझ्या शेजारी बसा. पेले भरले आणि मी तसाच बसून राहिलो, तर तुम्ही उठा. सगळ्यांसमोर सांगा."