बायजा धवलारणीनं कोंडीला बोलावलं

पोशीरच्या बायजाला लग्नात भटजीपेक्षा जास्त मान होता. ती धवलारीण. हळदीपासून माळ पडेपर्यंत तिनं गाणी म्हटल्याशिवाय गावात आगऱ्यांचं लग्न लागत नसे. भटजी नसला तरी एकवेळ चालायचं. गाणी तिनं सासूकडून उचलली, आणि सासूची एक रीतही. हळदीआधी घरातल्या मेलेल्यांना मांडवात बोलवायचं, तेही कसे गेले ते सांगून. "तापानं गेलेल्या आज्या, मांडवात ये." मरण सांगितल्याशिवाय मेलेल्याला आपलं बोलावणं ओळखू येत नाही, असं सासू म्हणायची. बायजानं त्यात कधी फेर केला नाही.

कोंडी म्हणजे कमळ्याची बायको. तिच्या लग्नात बायजाच गायली होती. तीन वर्षांनी, सत्तावीस सालच्या माघात, कोंडी माळ्याच्या शिडीवरून पडून गेली असं कळलं. मढं न्हाऊ घालायला बायजा आणि शेजारच्या दोघी गेल्या. गळ्यावर पाणी ओतताना बोटांचे वळ दिसले. एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला एक. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पाणी ओतत राहिल्या. फौजदार आला, ओटीवर बसून चहा प्याला आणि बायांना काही दिसलं का ते विचारा म्हणाला. पाटलानं विचारलं. बायजा म्हणाली, "काय नाय दिसलं."

कमळ्याचं घर मोठं, आणि मेली ती परगावची सून. कोण कशाला तोंड उघडतंय! पण त्या दिवसापासून बायजा बधिर झाली. रडू आलं नाही. जेवण नेहमीसारखं गेलं, झोपही लागली. आधी तिला त्याची लाज वाटायची, पुढे तीही वाटेनाशी झाली.

वर्ष सरायच्या आत कमळ्याचं दुसरं ठरलं. कशेळ्याच्या पदूची लेक भागी, पंधरा वर्षांची. मांडव नवऱ्याच्याच दारी होता आणि नवरीकडची माणसं आदल्या दिवशीच उतरली होती. बायजाला बोलावणं आलं तेव्हा ती निमूट गेली. जावंसं वाटलं नाही, जाऊ नये असंही वाटलं नाही.

मेलेली सवत शांत राहावी म्हणून भागीच्या गळ्यात कोंडीच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. पोर तो बोटांनी चाळवत होती. बायजा बोलावू लागली. पटकीनं गेलेला कमळ्याचा बाप आला, बैलानं मारलेला चुलता आला. मग कोंडीची पाळी. शिडीचं नाव घ्यायला तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या मनात आलं, असं बोलावलं तर कोंडीला कळणारच नाही, ती मांडवाबाहेर उभी राहील. एवढंच. न्याय, धीर असलं काही तिच्या डोक्यात नव्हतं. त्याच चालीत ती म्हणाली,

"नवऱ्याच्या हातानं गेलेल्या कोंडे, मांडवात ये."

मागून ओळ धरणाऱ्या बायका थांबल्या. म्हातारीला वेड लागलंय, म्हणत कमळ्या पाटावरून उठला. पदू पुढे आला.

"आक्का, खरं हाय का गं ह्ये?"

"मी न्हाऊ घातलं तिला. गल्यावर पाच बोटं व्हती."

तिच्याबरोबरच्या दोघी तिथंच बसल्या होत्या. पदूनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या, आणि पदूला तेवढं पुरलं. लेकीच्या गळ्यातला टाक काढून त्यानं पाटावर ठेवला आणि हळद लागायच्या आत माणसं घेऊन वाट धरली. पुढं भागीचं लग्न मुरबाडकडं झालं म्हणे.

कमळ्याला काही झालं नाही. फौजदार परत आला नाही. बायजा त्यानंतर अकरा वर्षं जगली, आवाजही शेवटपर्यंत शाबूत होता. पण पोशीरमधल्या एकाही घरानं तिला पुन्हा आपल्या मेलेल्यांना बोलवायला बोलावलं नाही.