बिचारी म्हणणारी आळी

‘बिचारी’ ही शिवी आहे. मायबहिणीवरून देतात त्याहून वाईट, कारण ती गोड तोंडानं देतात.

माझा मुलगा मोहर्लीला जिप्सी चालवतो, वाघ पाहायला आलेल्यांना फिरवतो. त्याची पहिली बायको वारली. मागच्या साली त्यानं पाट लावला. सुनेसंगं तिची पोरगी आली. मी म्हटलं, नात आली. माझ्यापुरतं झालं.

आळीचं झालं नाही. पोरगी नळावर गेली की बाया सुरू. ‘बिचारी. घरी पोटभर देतेत का वं तुले?’ ‘खरा बाप कुठी असते तुहा?’ मग हाताला धरून घरी न्यायच्या आणि जेवू घालायच्या. जशी आमच्या घरी चूलच नाही. पोरगी मुकी झाली. ताटातला भात मागं सारू लागली. एक दिवस मायला म्हणते, ‘मले चामोर्शीले मामाकडं ठेव. इथी मी उपरी आहो.’

उपरी! हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. तो नळावरून आला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या बाईनं तिला जेवायला बसवलेलं दिसलं. मी गेलो आणि पोरीच्या बाजूला मांडी घातली.

‘भाऊ, तुम्ही काऊन?’

‘मलेही वाढा. नात इथी जेवते, तं आजाही इथीच जेवन.’

‘आम्ही तं दयेनं बोलावलं, भाऊ.’

‘मंग माह्यावरही करा. तोंडात दात नाई. माह्याहून बिचारा कोण?’

पोरीला हसता हसता ठसका लागला. मी हसलो नाही. वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

कडेच्या घरची बाई मात्र फाटक्या तोंडाची. मोहफुलं वेचायला बाया झुंडीनं जातात. जिला हाक नाही ती घरी. मोह पडू लागला तेव्हा, आपल्या पोरींवर ओरडायची तशीच ती आमच्या दारातही ओरडली, ‘ऊठ वं आळशे! तुह्या बापानं मोह राखून ठेवला का?’

बाप काढला तसा मी उठलो. तोवर पोरगी टोपली घेऊन बाहेर. ‘माहा बाप पहाटीच जिप्सीवर गेला. येतो ना मी, वरडून काऊन राह्यली मावशी?’

माहा बाप म्हणाली. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

चामोर्शीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. आता त्याच नळावर बाया म्हणतात, ‘आम्ही माया लावली म्हणून पोरगी रुळली.’ मी ते चालू देत नाही. जी म्हणेल तिच्याशी भांडतो. सून म्हणते, जाऊ द्या ना मामाजी. मी जाऊ देत नाही.