वायडीएम-थ्रीवरचं स्वागताचं कापड

रेल्वे इंजिनांवरच्या पुस्तकांत वायडीएम-थ्रीला दोन ओळी मिळतात: मीटरगेज, अमेरिकन बनावटीचं डिझेल-इलेक्ट्रिक, संख्या थोडी. आमच्या टेरिटोरियल आर्मीच्या रेल्वे कंपनीला त्यातलं एक नांदेडला उन्हाळ्यापुरतं उसनं मिळालं. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. आम्ही पाण्याच्या टाक्या परळीपर्यंत न्यायच्या. तिथे मीटरगेज संपे. मग पाणी पंपाने ब्रॉडगेजच्या टाक्यांत चढवायचं आणि चाकूरला पोचवायचं.

मी नायब सुभेदार, गाडीचा कमांडर. ड्रायव्हर हवालदार गौतम वाघमारे. चाकूरचाच. आई तिथे पाण्याची वाट पाहणाऱ्यांत.

पहिल्या गाडीला समारंभ ठरला. पुढारी दुपार कलल्यावर नांदेडला आले. तोवर स्वागत समितीच्या अप्पांनी इंजिनाला केळीचे खांब बांधले, हार घातले आणि बाजूने लांबलचक कापड ताणलं: ‘नव्या जिल्ह्यास जलदान’. नेमकं रेडिएटरच्या जाळीवर.

“अप्पा, हे सोडा. इंजिनाला हवा लागती,” वाघमारे म्हणाला.

“लई उकडून राहिलं का त्याला? परळीत फोटो हाय, हवालदार. तवर राहू द्या.”

मी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं.

“राहू द्या. मूव्ह.”

गंगाखेडच्या पुढे धोक्याची घंटी वाजली. इंजिन तापलं होतं. वाघमारेने ते बंद केलं, उतरून कापड टरकावलं. रेडिएटरमधलं पाणी उकळून कमी झालं होतं.

वायरलेसवर कॅप्टनसाहेब आले; ते पुढाऱ्यांबरोबर मोटारीने आधीच परळीला पोचले होते. “पाहुणे ताटकळलेत. किती वेळ? ओव्हर.”

“थंड होईपर्यंत, सर. ओव्हर.”

“हवालदाराला सेट द्या.”

वाघमारेने सेट घेतला. “साहेब, आत्ता झाकण खोललं तर उसळंल.”

“पाणी भरा आणि निघा. इट्स ॲन ऑर्डर. आउट.”

“फुंकर मारायला पाहुण्यांनाच पाठवा म्हणावं,” तो मला म्हणाला. मग सगळ्यांना मागे सरकवलं, ओलं पोतं हाताला गुंडाळलं आणि झाकण फिरवलं. उकळतं पाणी छातीवर आलं.

रस्त्याने मागून येणाऱ्या आमच्या जीपमध्ये त्याला ठेवताना तो एवढंच बोलला, “रेडिएटरला टाकीतलं घ्या. जपून.”

गाडीवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरने ती परळीला नेली. फोटो झाले. कापड फाडल्याबद्दल समितीने नाराजी कळवली. सकाळी नांदेडच्या दवाखान्यातून निरोप आला: वाघमारे गेला.

पाण्याबरोबर मी चाकूरला गेलो. त्याची आई रांगेत होती. माझी वर्दी पाहून तिने विचारलं, “आमचा गौतम इंजनावर हाय न्हवं?”

“होता, मावशी.”

“मग त्येनंच आणलं म्हणा की हे पाणी.”

“हाव.”

मी तिला दोन्ही घागरी भरू दिल्या. मग बाजूला घेतलं.