विनोद पेंटर आणि नावांची गावं

महाडच्या बाजारात विनोद पेंटरबद्दल एक बोलवा आहे. पोलादपूरच्या बाजूला कुठल्याशा साबणाची जाहिरात रंगवताना तो म्हणे शिडीवरून थेट डोक्यावर पडला, आणि शुद्धीवर आला तेव्हा जगातल्या यच्चयावत कंपन्यांच्या जन्मकुंडल्या त्याला पाठ झालेल्या होत्या. सांगणारा हे सांगताना स्वतःच्या टाळूवर टिचकी मारून दाखवतो. भाजीवाली चंद्राबाई तर त्याच्याही पुढे जाते. "बेसुद पडलावता तवा इंग्लिश बोलत हुता गो! माज्या कानांनी ऐकला!"

सगळं खोटं. पडला होता तो रंगाचा डबा. लालभडक ऑइल पेंट, चार लिटर, आणि तो पडला खाली शिडी धरून उभ्या असलेल्या विनोदच्या जोडीदाराच्या, गणूच्या अंगावर. लोकांनी रस्त्यावरून लाल माणूस बघितला, वर विनोदची बोंब ऐकली आणि दोन्हीची मिळून एक गोष्ट केली. विनोदला जे पाठ होतं ते त्या डब्याच्या आधीपासूनच होतं.

त्याचं मूळ साधं आहे. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आधी नाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "गाव कुठला?" गाव कळलं की माणूस कुठल्या फडताळात ठेवायचा ते कळतं. विनोद नाते गावचा, शेतकरी घरातला, पण हात जन्मजात अक्षराचा. विसाव्या वर्षापासून तो हायवेच्या कडेच्या भिंती रंगवायला लागला. सिमेंट, साबण, पाइप, खत, चप्पल. मुंबईहून एजंट जीपमधून यायचे आणि कागदावर नाव द्यायचे. विनोद कागद उलटा-सुलटा करून विचारायचा, "साहेब, ह्याचा गाव कुठला?"

"तू रंगव ना बाबा."

"रंगवतो. पण ज्याचा नाव माझ्या हातानं बारा फूट लांब लिवायचा, त्याचा गाव नको माहीत?"

साहेबांना काही माहीत नसायचं. मग विनोद महाडच्या वाचनालयात जाऊन बसायचा, रविवारच्या पुरवण्या चाळायचा, आणि पुढे मोबाइल आल्यावर तर काय, त्याला कुळीथ मागितलं तर पोतं मिळालं. चप्पलवाले बाटा आपले नव्हेत, तिकडे लांब चेक लोकांच्या देशातले. बिसलेरी हे इटलीतल्या माणसाचं आडनाव, आणि सुरुवातीला त्या नावानं विकलं जायचं ते पाणी नव्हेच, औषध. हे कळल्यापासून विनोद बाटली हातात घेतली की आधी म्हणतो, "जेवणाआधी का जेवणानंतर?"

एसटी स्टँडमागच्या त्याच्या टपरीत बसलं की हा धडा फुकट मिळतो. एकदा एकाने फोनचा नंबर पाटीवर लिहून घ्यायला टेबलावर मोबाइल ठेवला. विनोदने तो वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला.

"काय झालं?"

"वास जाईल कसा? मूळ धंदा सुक्या मासळीचा ह्यांचा."

"सॅमसंगचा?"

"कोरियात. सुकी मासळी नि शेवया विकायची कंपनी. आपल्या दासगावच्या बाजारात पाटी टाकून बसली असती तरी चाललं असतं."

नंबरप्लेट रंगवायला आलेल्या पोराला त्याने विचारलं, "टाकीवर काय काढलाय रे तुझ्या?" पोरगा म्हणाला, लोगो. "तीन नादकाटे हायत ते. शाळेत वाजवून दाखवतात ना, ते. बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्यानं काढलेली कंपनी ती, यामाहा. आणि तू? नुसता हॉर्न वाजवतोस. सूर लाव कधीतरी." गवंडी आला तर, "घमेला पोर्तुगीज, पगार पोर्तुगीज. म्हणजे तू दिवसभर कामाला असतोस तो पोर्तुगालातच, जेवायला फक्त महाडात येतोस."

पण त्याचा लाडका शब्द एकच. शांपू. ते सांगताना त्याचा आवाज जरा खाली येतो. आपली चंपी, डोकं चेपायची, ती गोऱ्या साहेबांनी उचलली. तिकडे गेली, नाव बदललं, आणि एवढ्या वर्षांनी बाटलीत बसून परत आपल्याच मोरीत येऊन उभी राहिली. "गेलेला परत येतो," विनोद म्हणतो, "वळखायला आपण शाबूत पायजे." आणि मग तो ब्रश झटकतो, गरज नसताना.

हे वाक्य कंपन्यांबद्दल नाही, हे टपरीत रोज बसणाऱ्याला कळतं. ते गणूबद्दल आहे.

गणू पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतला. दुधाचा कॅन घेऊन खाली यायचा आणि रंगवली जाणारी भिंत दिसली की कॅन तिथेच ठेवून उभा राहायचा. दूध नासायचं, त्याच्या आईचा ओरडा ठरलेला. शेवटी विनोदने त्याच्या हातात ब्रशच दिला. गणू शाळा अर्धवट सोडलेला, पण बेंजो पार्टीत वाजवायचा आणि गाण्याबजावण्यातलं त्याला सगळं माहीत. हळदीत आपण ज्याच्यावर नाचतो तो बेंजो मूळचा जपानी, नागोयातला, आणि त्याची बटणं टाइपरायटर बघून सुचलेली, हे विनोदला गणूने सांगितलं. गोऱ्या देशात अब्बा नावाची गाणारी पार्टी होती, चौघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव. पण त्याच नावाची मासळी डब्यात भरणारी कंपनी आधीपासून तिथे होती, म्हणून पार्टीवाल्यांनी कंपनीकडे जाऊन रीतसर परवानगी मागितली, हेही गणूनेच.

"मासळीवाले काय म्हणाले?"

"म्हणाले, लावा नाव. पन आमची लाज जाईल असला कायतरी गाऊ नुको."

या दोघांची काम करायची तऱ्हा अख्ख्या तालुक्यात कुणाची नव्हती. लांब भिंत असली की आधी दोऱ्याने सूत मारायचं, विती मोजून खडूचे ठिपके घालायचे, आणि मग विनोदने डावीकडून सुरुवात करायची, गणूने उजवीकडून. गणू शेवटचं अक्षर आधी लिहायचा. दोन शिड्या, दोन टोकं, मध्ये चाळीस फूट. एकेक अक्षर झालं की एकेक प्रश्न भिंतीवरून फेकायचा; ज्याला उत्तर येणार नाही त्याने खाली उतरून दोघांच्याही शिड्या सरकवायच्या. संध्याकाळपर्यंत दोघे मधल्या अक्षराशी भेटायचे. जोड कधी दिसला नाही. दिसायचा तो फक्त विनोदला. "गणूचा काना बघ," तो मला जुन्या भिंतींवर दाखवायचा, "खाली येता येता जरासा डावीकडं झुकतो. उजवीकडनं येतो ना तो, त्याचा काना माझ्याकडं बघत येतो. आणि ढ बघ, ढ चं पोट. घागर हाय घागर."

मग फ्लेक्स आला. सकाळी फोटो द्या, दुपारी पाटी घ्या. त्यानंतर हायवे चौपदरी झाला आणि उरल्यासुरल्या भिंतीही गेल्या. विनोद नंबरप्लेटवर आला. गणू पनवेलकडे एका गोडाऊनात लागला, त्याला आता चौदा वर्षं झाली. सुरुवातीला शिमग्याला यायचा. मग एक शिमगा आड. गेली चार वर्षं अजिबात नाही. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला की उचलतो, हसतो, म्हणतो, "येतो रे विन्या. रज्या टाकतो नि येतो."

अशात बुद्धरत्नने हॉटेल काढलं. महाड सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, आमच्या घराच्या बरोबर समोर. बुद्धरत्न हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेला, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं हातांनी होतं. "काका, ॲक्च्युअली ना, मला फ्लेक्स नकोय. मला तो जुना व्हाइब पाहिजे. हातानं रंगवलेला." विनोदने त्याला दोनदा विचारलं, "हातानं? नक्की?" चाळीस फुटांची पांढरी भिंत. मजकूर बुद्धरत्नच्या आईचा: या, बसा, जेवा, मग घाट चढा.

विनोदने तो मोठ्याने वाचला. शेवटचा शब्द वाचताना थांबला. त्यात ढ होता.

दोन दिवसांत त्याने "या, बसा, जेवा" लिहून टाकलं आणि शिडी उतरवली. उजवी अर्धी भिंत कोरी. बुद्धरत्नला वाटलं, रंग वाळायचा असेल. तिसऱ्या दिवशी विनोद आला, भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला आणि फोन लावला. हाताला रंग म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे आम्हा समोरच्यांनाही फुकटात.

"गण्या, भिंत हाय. चाळीस फूट."

तिकडून काहीतरी गडगडत गेल्याचा आवाज. मग, "काय सांगतोस! हातानं?"

"हातानं. तुझी बाजू ठेवलीय. शेवटाला ढ हाय."

तिकडून नेहमीचं हसणं. मग, "येतो रे. रज्या टाकतो."

असे आठ दिवस गेले. रोज फोन, रोज रज्या. जाणाऱ्या ट्रकवाल्यांना नुसतंच "या, बसा, जेवा" दिसायचं आणि ते खरोखर येऊन बसायचे, हॉटेल उघडलेलंच नसताना. बुद्धरत्नचा व्हाइब संपत आला. "काका, शुक्रवारी ओपनिंग आहे. पाहुण्यांना मी काय सांगू, मग काय करा? घाट चढा का नको? गुरुवारपर्यंत झालं नाही, तर उरलेलं मी फ्लेक्सवर छापून लावतो. सॉरी, पण लावतो."

विनोदने खडू उचलला. त्याला ती अर्धी भिंत लिहिता येत नव्हती असं थोडंच होतं! एका सकाळचं काम. पण ती लिहिली की गणूला यायला काही कारण उरणार नव्हतं. खडूचे ठिपके मात्र तो रोज नव्याने घालायचा, कारण दुपारच्या वाऱ्याने ते पुसट व्हायचे.

मला त्याच आठवड्यात सोमवारी तुडीलला मामाकडे हळदीला जावं लागलं. चार दिवस तिकडे. शुक्रवारी सकाळी परत आले, रिक्षातून उतरले, आणि समोर अख्खी भिंत. या, बसा, जेवा, मग घाट चढा. निळ्या अक्षरांना लाल सावली. उजवीकडचे दोन्ही काने खाली येता येता डावीकडे झुकलेले. ढ म्हणजे भरलेली घागर.

विनोदकाका खाली ब्रश गोळा करत होता. मी पिशवी रस्त्यातच टाकली. "आले! गणूकाका आले! कुठायत? गेले पण?"

"कोन आला?"

"ढ बघा की! काना बघा! मला शिकवलंत तुम्हीच."

"तुला काय वाटतो, हा गणूनं लिवलाय?"

"वाटतो काय, पैज लावते."

"हरलीस तर?"

"तुमचे सगळे ब्रश धुऊन देईन. आणि तुम्ही हरलात तर माझं नाव आमच्या फाटकावर. मोठ्ठं."

"लाव," विनोदकाका म्हणाला. त्याचा चेहरा हसण्यासारखा झाला होता, पण हसू नव्हतं. त्याने कोपराने फोन पुढे सरकवला. "दाब ते. शेवटचा."

गणूकाकाचा व्हॉइस मेसेज होता. विनोदकाकाने काल त्याला भिंतीचा फोटो पाठवला होता, खाली एक शब्दही न लिहिता. मेसेजमध्ये आधी नुसता श्वास. मग, "विन्या... ह्यो मी कवा लिवला रे?" परत श्वास. "माजाच ढ हाय ह्यो. माजाच हाय. मला याद कसा नाय?" मग एकदम खळखळून हसणं, आणि हसता हसता मधेच कुणीतरी मागून हाक मारल्यावर मेसेज तुटला.

मी फोनकडे बघत राहिले. विनोदकाका भिंतीकडे बघून बोलत होता. "मंगळवारी सांगितलान मला. उजव्या हाताची दोन बोटं शटराखाली गेली. चार वर्सं झाली. म्हणाला, हात राह्यला नाय, मग येऊन काय करू? नुसता खाली उभा राहू?" त्याने नाक ओढलं. "मी म्हटला, उभा राहा की. तसा फोन ठेवलान."

"मग तुम्ही..."

"मग काय. बुधवारी शिडी उचलून उजव्या टोकाला नेली. ढा पासून सुरू केला. पहिला काना सरळ आला, माझ्यासारखा. पुसला. दुसरा पन सरळ. तिसऱ्याला झुकला."

"आणि मेसेजला उत्तर काय दिलंत?"

"अजून नाय दिला."

बुद्धरत्नच्या आईने आतून चहाला हाक मारली. आम्ही दोघेही उठलो नाही. मग विनोदकाकाने ब्रशचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि टर्पेंटाइनची बाटली उघडून दिली. पैज म्हणजे पैज. पाच ब्रश मी धुतले, एकेक केस मोकळा होईपर्यंत, लाल-निळं पाणी फरशीवरून गटारात गेलं. सहावा, उजवीकडच्या कान्यांचा, बारीक आणि टोकाला तिरका कापलेला, त्याच्या हातातच होता. मी हात पुढे केला.

"तो ऱ्हाऊदे गो," विनोदकाका म्हणाला. "तो मी धुतो."