बांधाच्या बिळातला हात

आमचं गाव पेणच्या खाडीला चिकटून. खारं पाणी आणि आमची भातशेती यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बास. बांधाला भगदाड पडलं की आम्ही 'खांड गेली' म्हणतो. खांड गेली की घरटी एक माणूस चिखलात उतरणार, हा नियम. शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी त्याच्या हातातला चिखलाचा गोळा घेऊन पुढच्याला द्यायचाच. मी रोह्याच्या कंपनीत लागलो, तरी रजा टाकून यायचो. चिखलात पाय कसे रोवायचे ते मला काकांनी शिकवलं. त्यांचं शेत माझ्या शेताला लागून. काका नात्याचे नाहीत, पण मी त्यांना कधी दुसरं काही म्हटलेलं नाही.

मग आम्हाला नेता मिळाला. पेणच्या सभेत तो म्हणाला, जो आपल्यासोबत नाही तो या मातीचाच नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. गावाचा मोबाइलवरचा ग्रुप माझ्या ताब्यात होता. पूर्वी त्यावर कुणाची म्हैस सुटली, उद्या वीज जाणार, असलं काहीबाही यायचं. आता दात घासायच्या आधी नेत्याचा फोटो आणि 'गद्दारांना ओळखा'. तेच ओकलेलं रोज सगळ्यांना वाटायचं, आणि वाटणारा मी.

काका कुणाच्याच बाजूचे नव्हते. त्यांना घोर बांधाचा. दसऱ्यानंतरचं उधाण आठ दिवसांवर आलं होतं, भात पिकत आलेलं. ते मला बांधावर घेऊन गेले. खेकड्यांनी बीळ पाडलं होतं आणि त्यातून पाणी झिरपत होतं.

"हात घाल, बघ किती खोल हाय."

मी कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर काढताना, बोटं अजून बिळात असतानाच काकांनी फोटो काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सभेला सहा ट्रॅक्टर गेले, एक ट्रॅक्टर माती इकडे टाका.'

झालं! नेत्याचा अपमान केला म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडले. खालच्या आळीतल्या काही घरांनी काकांची बाजू घेतली, तर त्यांनाही शिव्या. नेत्याच्या माणसाचा मला फोन आला, "त्यांना काढ, नायतर तू पन त्यातलाच." दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि नागोठणं यायच्या आत काकांसकट अख्खी खालची आळी, म्हणजे निम्मं गाव, ग्रुपमधून काढून टाकलं. बीळ तसंच राहिलं.

उधाणाच्या दिवशी भर दुपारी तिथंच खांड गेली. मी ग्रुपवर लिहिलं, 'धावा.' जे ग्रुपवर होते ते धावले, म्हणजे निम्मेच हात. बाकीच्यांना आरडाओरडा ऐकून कळलं, तोवर बैलगाडी आत शिरेल एवढं भगदाड झालं होतं. काका धापा टाकत आले, रांगेत शिरायला गेले, तर आमच्यातल्या एकानं त्यांना खांद्याला धरून मागे लोटलं. माझ्या हातात चिखलाचा गोळा होता. तो मी पुढे दिला. संध्याकाळपर्यंत दोन्ही आळ्यांचं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं.

तिसऱ्या दिवशी नेता आला. पायात पांढरे बूट, ते मळू नयेत म्हणून बांधावर प्लास्टिक अंथरलेलं. म्हणाला, "बांध फुटला नाही, फोडला आहे!" भाताबद्दल अवाक्षर नाही. आणि लोक खूश झाले. वर्षाचं अन्न डोळ्यांदेखत कुजत होतं आणि ही माणसं खूश, कारण राग कुणावर काढायचा ते कळलं होतं. मला शिसारी आली. टाळ्या मात्र मीही वाजवल्या.

त्याच संध्याकाळी काकांनी काढलेला बिळाचा फोटो परत फिरला. ट्रॅक्टरची ओळ गाळलेली, बिळातल्या हाताभोवती लाल गोल. 'आठ दिवस आधी म्हाताऱ्याला कसं माहीत? बघा, बीळ मोठं करतोय.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर खेकडे होते.

आणि तो हात माझा होता. मनगटावर कंपनीतल्या वाफेनं भाजल्याचा पांढरा डाग आहे, नीट बघितलं तर फोटोत दिसतो. कुणी नीट बघितलंच नाही. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागलो.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीसमोर काकांना उभं केलं. मी गर्दीत होतो.

"हात कुनाचा हाय?" एकानं फोटो पुढे धरून विचारलं.

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग मान वर करून मला शोधलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मागून कुणीतरी नेत्याच्या नावानं घोषणा दिली, सगळ्यांनी ओ दिली, मीही ओठ हलवले.

"माझाच," काका म्हणाले.

पुन्हा बांधावर दिसलात तर याद राखा, असं त्यांना सांगितलं गेलं. ज्यांचे केस बांधावर पांढरे झाले त्यांना हे सांगणारी, पेणहून आलेली नेत्याची माणसं जन्मात चिखलात उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर गेलो. म्हटलं, "काका, खोटं कशाला बोललात?"

"लगेच नाय बोललो. तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो."

काकींनी पाणी आणलं. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला. काका माझ्या मनगटाकडे, बटण लावलेल्या बाहीकडे बघत होते.

"बाही वर कर," ते म्हणाले. "गरमी हाय."

मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि बटण न काढता घरी आलो.