तेल सोडणारा शाफ्ट आणि आमचे मावसाजी

दिग्रस-पुसदच्या टापूत तेलाचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. मावसाजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. घरी ठेच्यावर जवसाचं तेल घेतलं की ताट तिरपं करून ते कसं ओघळतं हे बघत बसायचे, आणि इकडे भाकरी निवून जायची. माझ्यासाठी मुलगी पाहायला फुलसावंगीला गेलो, तर हे मुलीच्या वडिलांच्या बैलबंडीखाली शिरले. मुलगी चहा देऊन आतही गेली. शेवटी काळे हात घेऊन ओसरीवर आले नि म्हणाले, "वंगण वेळेवर पडते या घरी. करून टाक." ती आज माझी बायको आहे.

मी तेव्हा त्याच जिनिंगमध्ये कारकून होतो. साठच्या आसपासच्या एका हंगामात नागपूरहून डिग्री घेतलेला एक तरुण सुपरवायझर आला. सगळ्या यंत्रांना फिरवणारा लांब शाफ्ट त्याने घासून आरशासारखा केला आणि गंजू नये म्हणून वर मेण चोळलं.

मावसाजी म्हणाले, "साहेब, बेअरिंगच्या वाटीवर तेल घसरलं तर घसरू द्या. शाफ्टवर नाई घसरलं पायजे. फिरता शाफ्टच तेलाले ओढून आत नेते. त्यानं सोडलं तर लोखंडावर लोखंड घासते."

"अहो, गुळगुळीत असलं की घर्षण कमीच," साहेब हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेअरिंगमधून धूर निघाला. दहा पावलांवर कापसाचा ढीग, आणि जिनवर कापूस टाकणाऱ्या बाया. साहेबांनी डबाभर तेल ओतलं. ते सगळं खाली गळून गेलं. मावसाजींनी इंजिन बंद करायला लावलं, बायांना बाहेर काढलं आणि बेअरिंग निवल्यावर रॉकेलच्या फडक्याने शाफ्टवरचं मेण पार पुसून काढलं. नव्याने दिलेलं तेल शाफ्टने धरलं. इंजिन सुरू केल्यावर तो सुरळीत फिरू लागला, बाया परत आत आल्या, आणि त्या आनंदात मावसाजी सगळ्या बायांदेखत म्हणाले, "तुमची डिग्री बी या मेणासारखीच हाय साहेब. नुसती चमकते."

साहेबांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते मावसाजींच्या शेजारी बसून शिकू लागले.

दोन हंगामांनी साहेब नोकरी सोडून निघाले, तेव्हा आम्ही एस.टी.पर्यंत गेलतो. ते वाकून मावसाजींच्या पाया पडले आणि गाडीत चढले. गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली तरी मावसाजी हलेनात.

"त्या दिवशी काहून एवढं बोललो मी त्याले," ते म्हणाले. "बायांसमोर."

मी त्यांच्याजवळ उभा राहिलो.